गोदावरी, एकास शंभर : पडवीतली वही

४ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज उरकली, चाकरमानी मुंबईला परतले, पडवी रिकामी झाली. आजपासून कामाला हात घातला.

काम असं : आयएनएस गोदावरी या युद्धनौकेचं पत्र्याचं मॉडेल, एकास शंभर मापात. नुसतं कपाटात ठेवायचं नाही, पाण्यावर तरंगलं पाहिजे आणि स्वतःच्या पंख्यांवर चाललं पाहिजे. गावातल्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी मागितलंय. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला हवं. सर म्हणाले, "काका, करताना लिहीत जा. पुढल्या वर्षी पोरांना दुसरं जहाज करायला लावतो." म्हणून ही वही. पैसे किती गेले, दिवस किती फुकट गेले, सगळं लिहिणार.

मी १९७६ ला अठराव्या वर्षी मुंबईच्या गोदीत शिकाऊ म्हणून लागलो आणि २०१८ ला फॅब्रिकेशनमधून निवृत्त झालो. मधल्या काळात बऱ्याच जहाजांना हात लागला, पण अगदी कील (जहाजाचा तळाचा कणा) ठेवल्यापासून नौदलाच्या ताब्यात जाईपर्यंत पाहिलेलं पहिलं जहाज गोदावरीच. २ जून १९७८ ला कील पडली, मे १९८० मध्ये पाण्यात उतरलं, १० डिसेंबर १९८३ ला नौदलात गेलं. त्याआधीच्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटी (मध्यम आकाराच्या युद्धनौका) ब्रिटिशांच्या लिअँडर फ्रिगेटच्या नकाशांवरून बांधलेल्या होत्या. गोदावरीचं डिझाइन मात्र नौदलाच्या आपल्याच लोकांनी केलं. वाफेची यंत्रं तीच, ३०,००० अश्वशक्तीची, पण जहाज लांब केलं आणि मागे दोन सी किंग हेलिकॉप्टरं बसवली.

नकाशे माझ्याकडे नाहीत. असते तरी काढून दाखवले नसते. छापून आलेली मापं आहेत : लांबी १२६.४ मीटर, रुंदी १४.५, पाण्याखाली साडेचार. म्हणजे मॉडेल १२६ सेंमी लांब, साडेचौदा सेंमी रुंद. बाकी फोटोंवरून आणि आठवणीवरून.

वजनाचं आज पोराला समजावून सांगितलं (नातू, सातवीत). लांबी शंभरने कमी, रुंदी शंभरने, उंचीही शंभरने, म्हणून वजन दहा लाखाने कमी. जहाज ३,८५० टनांचं, तेव्हा मॉडेल ३ किलो ८५० ग्रॅम भरलं तर बरोबर खुणेवर तरंगेल. तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे दोन भोपळे." हो, दोन भोपळे.

९ नोव्हेंबर

रेषा काढायला पाच दिवस गेले. त्यातले तीन वाया.

जहाजाला सरळ रेघ जवळजवळ नसतेच. लवचीक पट्टी घ्यायची, ठरावीक बिंदूंवर वजनं ठेवून वाकवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल ओढायची. गोदीत साचेघर होतं, आख्खी जमीन म्हणजे ड्रॉइंगचा कागद. तिथे चपला बाहेर काढून आत जायचं. आमचे मिस्त्री पालथे पडून एक डोळा मिटायचे आणि पट्टीवरून नजर टाकायचे. कुठे बोटभर फुगवटा असला तर तिथूनच हात हलवायचे आणि मी खिळा सरकवायचा. माझं शिकाऊपणाचं पहिलं वर्ष त्या जमिनीवर गेलं.

मी परसातल्या बांबूची कामटी तासून घेतली. रेघ ओढली, लांबून छान दिसली. पालथा पडून पाहिलं तर दर वीतभरावर रेघ किंचित सपाट. बांबूचं पेर जिथे येतं तिथे कामटी वाकत नाही, दोन पेरांच्या मध्ये जास्त वाकते. हे मला आधी सुचायला हवं होतं. तीन दिवसांची रेघोटी फाडून टाकली. मग घरातल्या वायरिंगच्या प्लॅस्टिक पट्टीचं झाकण काढलं आणि तेच वापरलं. एकसारखं वाकतं, फुकट मिळतं. पोरांनो, सरळ तेच घ्या.

वजनं म्हणून वरवंटा, अडकित्ता, दोन कुलपं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "वरवंटो खंय गेलो? वाटप कित्यान वाटू?" त्या दिवशीची शेवटची रेघ त्यामुळे थोडी हलली आहे. पुढच्या बाजूला, फ्रेम तीन ते पाचच्या मध्ये (फ्रेम म्हणजे जहाजाची आडवी बरगडी). कोणाला दिसणार नाही.

१७ नोव्हेंबर

सामान. पत्रा म्हणून पंधरा किलोच्या तेलाचे रिकामे डबे, कुडाळला मिठाईवाल्याकडून, ४० रुपयांना एक, नऊ घेतले : ३६०. त्यावर कथलाचा मुलामा असतोच, म्हणून डाग (कथील वितळवून केलेला सांधा) चटकन धरतो. फ्रेमांसाठी अर्धा मिमीचा जस्ती पत्रा : ४५०. कथील : १,१५०, आणि हे मला महाग वाटलं. घरात पंचवीस वॅटचा सोल्डरिंग आयर्न होता, रेडिओच्या कामाचा. पत्र्याला लावला की पत्राच त्याची ऊब पिऊन टाकतो, कथील वितळतच नाही. सव्वाशे वॅटचा नवा घ्यावा लागला : ७८०.

फ्रेमा वीस, दर सहा सेंमीला एक. कापून, कडा दुमडून तयार. यात सांगण्यासारखं काही नाही. बोटं कापतात.

२ डिसेंबर

नऊ दिवस गेले. कारण लाकूड.

मॉडेल उलटं बांधतात, कील वर आणि डेक खाली. खाली सपाट पाट लागतो, त्यावर फ्रेमा उभ्या. जुन्या घराच्या दाराची फणसाची फळी होती, चांगली दीड इंच जाड. मला वाटलं, साठ वर्षं सुकलेलं लाकूड आता काय हलणार? फ्रेमा उभ्या केल्या, ओळंबा लावला, दोरी ताणली, कील टॅक केली, म्हणजे ठिपक्याएवढ्या डागांनी धरून ठेवली. डाग धरावा म्हणून लावलेला नवसागर धुवायला रोज पाणी ओतत होतो. ते सगळं फळीत मुरत होतं.

सातव्या दिवशी सहज दोन सरळ काठ्या घेतल्या, एक पुढच्या टोकाला आडवी, एक मागच्या, आणि एकीवरून दुसरी पाहिली. दुसरी कलती. फळीला पीळ पडला होता, टोकाला पाच मिमी. खऱ्या जहाजाच्या मापात अर्धा मीटर. हसू आलं आणि मग आलं नाही.

गोदीत माप पहाटे घ्यायचे. दिवसा डेकवर ऊन पडलं की वरचं पोलाद पसरतं, खालचं सावलीत थंड असतं, आणि सगळं जहाज धनुष्यासारखं वाकतं. डोळ्याला दिसत नाही, पण पंख्याच्या दांड्याची रेषा धरायची असेल तर तेवढंही चालत नाही. म्हणून रात्रपाळीच्या शेवटाला, भोंग्याच्या आधी. मी नवा असताना विचारलं होतं, एवढ्या थंडीत कशाला? उत्तर म्हणून मिस्त्रींनी दुपारी बारा वाजता पुन्हा तेच माप घ्यायला लावलं आणि दोन्ही आकडे माझ्याकडूनच पाटीवर लिहून घेतले.

हे माहीत असून मी फळीवर भरवसा ठेवला. आता खाली कडाप्पाची फरशी घेतली आहे. गवंड्याकडे ओट्याचा उरलेला तुकडा होता, २०० रुपये. दगड पाणी पीत नाही. लोखंडी कोन एम-सीलने चिकटवले, फ्रेमा त्यांना.

८ डिसेंबर

पत्रे चढवायला सुरुवात, आणि लगेच नवं संकट. हे नीट वाचा, सगळ्या कामातलं खरं दुखणं हेच आहे.

तापलेला सांधा थंड होताना आखडतो आणि शेजारच्याला आपल्याकडे ओढतो. मी उत्साहात डाव्या बाजूचा पुढून मागे सगळा सांधा एका दमात भरला. सुंदर चकाकत होता. सकाळी पाहतो तर पुढचं टोक चार मिमी उचललेलं आणि शिवाय डावीकडे वळलेलं. केळ्यासारखं.

बेचाळीस वर्षं पोटापाण्यासाठी केलेलं काम आणि घरी येऊन हे! खऱ्या जहाजातही कीलची टोकं ठोकळ्यांवरून उचलायला बघतात. त्यासाठी वेल्डिंगचा क्रम ठरलेला असतो : मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचं, डाव्या बाजूला जेवढं तेवढंच उजव्या बाजूला, शक्यतो दोन वेल्डर एकाच वेळी, समोरासमोर. लांब सांधा एकसलग ओढायचा नाही. हातभर पुढे जायचं, मागे भरत यायचं, पुन्हा पुढे. नकाशावर सांधा कुठे ते असतं. कोणता आधी, ते आम्ही शिकाऊ पोरं मिस्त्रींच्या मागे फिरून शिकलो.

डाव्या बाजूचा सगळा डाग तापवून काढला. दोन दिवस. नंतर दर दोन सेंमीला एक टॅक, एक डावीकडे, एक उजवीकडे, मधल्या फ्रेमेपासून बाहेर. शेजारच्या सांध्यावर ओलं फडकं ठेवायचं, नाहीतर हा लावताना तो सुटतो. रोज दीड तास काम, जास्त नाही, कारण थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. आता उचल अर्धा मिमी आहे. राहू दे.

पत्रा फ्रेमांच्या मध्ये थोडा आत गेलाय, उपाशी बैलाच्या बरगड्यांसारखा. युद्धनौकेची प्लेट मालवाहू जहाजापेक्षा पातळ असते, तिच्याही बरगड्या उन्हात तिरप्या नजरेने दिसतात. तिथे आम्ही आग-पाणी करायचो : फुगवट्यावर खडूने गोल काढायचे, गॅसच्या ज्योतीने तेवढाच ठिपका लाल करायचा आणि लगेच पाणी. चर्र आवाज होतो आणि प्लेट ताणून बसते. डब्याच्या पत्र्यावर करू नका. शेजारचे तीन डाग वितळतात. मी करून पाहिलं.

१० डिसेंबर

आज काम केलं नाही. गोदावरी नौदलात गेली त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. त्या दिवशी आम्हाला बाजूला उभं राहून बघायला मिळालं होतं. शिट्टी वाजली, झेंडा वर गेला, आणि काल रात्रीपर्यंत ज्या शिडीवरून मी हातोडा घेऊन धावत होतो तिच्या तोंडाशी पांढऱ्या गणवेशातला नौसैनिक उभा. आता जहाजावर जायला परवानगी लागणार होती.

१९ डिसेंबर

दोन्ही डावे.

पुढच्या बाजूला, नाकाजवळ, जहाजाचं अंग खाली निमुळतं आणि वर बाहेर उमलतं. तिथल्या पत्र्याला दोन दिशांनी बाक द्यावा लागतो. कागदाचा साचा केला, पत्र्यावर ठेवून दोन नग आखले, कापले, लाकडी हातोड्याने वाळूच्या पिशवीवर बाक दिला. डावा बसवला, मस्त बसला. उजवा धरला तर बाक बाहेरऐवजी आत. दोन्ही नग एकाच बाजूचे.

ही चूक मी आयुष्यात दुसऱ्यांदा केली. पहिली १९७९ मध्ये.

तेव्हा साचा प्लायवूडचा होता. एकच साचा दोन्ही बाजूंना चालतो, दुसऱ्या वेळी फक्त उलटा ठेवायचा. पण साच्यावरच्या खुणा, फ्रेमांचे आकडे, बाकाच्या रेषा, एकाच अंगावर रंगवलेल्या होत्या. उलटा ठेवला की खुणा खाली जातात आणि वाचता येत नाहीत. मला वाचायच्या होत्या. म्हणून दुसऱ्या प्लेटवरही तसाच सुलटा ठेवला आणि आखलं. खुणेचं अंग वर ठेवूनच दोन्ही वाकवल्या गेल्या. सपाट असेपर्यंत प्लेट पालटता येते, चूक चूकच नसते. वाकवली की संपलं. क्रेनला लटकून ती वर आली, फ्रेमांना टेकली, आणि खाली उभ्या पाच-सहा जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मिस्त्री काही बोलले नाहीत. प्लेट खाली उतरवली, तिचे तुकडे करून पुढे ब्रॅकेटांसाठी वापरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर आलो तर माझ्या लॉकरसमोर दोन बूट ठेवलेले. दोन्ही डाव्या पायाचे. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्लेटवर, काही आखायच्या आधी, आतल्या अंगाला खडूने बाजू लिहायचो. पोर्ट म्हणजे डावी बाजू लाल, स्टारबोर्ड म्हणजे उजवी हिरवी. निवृत्तीच्या आठवड्यापर्यंत लिहिलं.

आणि घरी लिहिलं नाही. कारण काय, तर हे काय, डब्याचा पत्रा! एक डबा आणि चार दिवस गेले.

२ जानेवारी २०२५

नाताळात मुंबईची मंडळी आली, काम बंद. परत फरशीवरचं फडकं काढलं तर सांध्यांच्या कडेने तांबूस ठिपके. नवसागराचं पाणी पुसलं होतं, धुतलं नव्हतं. पुसणं पुरत नाही. रोज काम संपलं की कोमट पाणी आणि खायचा सोडा, जुना टूथब्रश, मग उन्हात. आठवडाभर गंज घासला. रेग्माल, कागद, ब्रश असा किरकोळ खर्च आजपर्यंत ३१०.

१५ जानेवारी

आज दुपारी टीव्हीसमोर. मुंबईत नौदलाच्या गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते सुरत, निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगावच्या, आमच्याच गोदीत बांधलेल्या.

पहिली निलगिरी १९६८ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली, तेव्हा इंदिरा गांधी आल्या होत्या. १९७२ ला नौदलात गेली. मी लागलो तेव्हा जुने लोक अजून तिच्याबद्दल बोलायचे, जणू काल झालं. ११३ मीटरची होती. नवी १४९ मीटरची. जुनी १९९६ ला निवृत्त झाली आणि नंतर क्षेपणास्त्राच्या चाचणीत लक्ष्य म्हणून समुद्रातच बुडाली. माझी गोदावरी २०१५ च्या डिसेंबरात निवृत्त झाली.

नव्या जहाजांचे मोठाले ब्लॉक वर्कशॉपमध्ये तयार होतात, आत बरेचसे पाइप, केबलचे ट्रे बसवूनच. मग ते एकमेकांना जोडायचे. आमच्या वेळी स्लिपवेवर (जहाज बांधायच्या उतारावर) आधी टरफल उभं, मग त्याच्या पोटात माणसं वाकून वाकून पाइप घालणार. एका पाइपवाल्याने वाट अडवली की केबलवाला त्याच्या नावाने शंख करायचा. गोदावरीत तर रशियन, पाश्चात्त्य आणि देशी अशी सगळी यंत्रसामग्री एकत्र, कोणाचा बोल्ट इंचाचा, कोणाचा मिलिमीटरचा.

नातवाने विचारलं, "तुम्ही यात काय केलंत?" यात काही नाही. मी २०१८ ला घरी आलो.

२ फेब्रुवारी

वरचं बांधकाम : पूल (म्हणजे जहाज जिथून चालवतात ती जागा), धुराडं, डोलकाठी, मागे दोन हेलिकॉप्टरांचं हँगर. पुढे चार क्षेपणास्त्रांच्या नळ्या, मध्ये ५७ मिमीची दुनळी तोफ. नळ्या शाईच्या पेनांच्या टोपणांच्या. हँगर पत्र्याचं. इथे मी आळस केला. हातात पत्रा होता म्हणून सगळं पत्र्याचंच केलं. वरचं सगळं मिळून नऊशे ग्रॅम झालं. त्याचा हिशेब पुढे द्यावा लागला.

११ फेब्रुवारी

गळती. आत पाणी भरून पाहिलं, तीन ठिकाणी ठिबकलं, डाग दिला, खूश झालो.

मग गोदीतली जुनी युक्ती आठवली. सांध्याला बाहेरून चुना फासायचा, वाळू द्यायचा, आतून रॉकेल लावायचं. पाणी जिथून जात नाही तिथूनही रॉकेल वाट काढतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उमटतो. रॉकेल आता मिळत नाही, नातवाने पंपावरून बाटलीभर डिझेल आणलं. तासाभराने चौदा डाग मोजले. चौदा! तीनच आहेत म्हणून मी रंग लावणार होतो.

चौदाही भरले. आणि लगेच रंग दिला, हे चुकलं. आत डिझेल राहिलेलं, दोन दिवसांत रंग पापडासारखा सुटला. साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवून पुन्हा. रंग दोन वेळचा धरून ५२०.

२१ फेब्रुवारी

विहिरीशेजारच्या टाकीत पहिल्यांदा सोडलं. तरंगलं. वजन ३ किलो ४००, म्हणजे अजून जागा आहे. पण बोटाने ढकललं की एका कुशीवर जातं आणि परत यायला विचार करतं. वरचे नऊशे ग्रॅम.

गोदीत जहाज पुरं होत आलं की त्याची कलतेपणाची चाचणी घ्यायचे. वारा नसलेल्या दिवशी, दोर ढिले सोडून, डेकवर मोजलेली वजनं एका बाजूकडून दुसरीकडे न्यायची, आणि आत टांगलेला लांब ओळंबा किती सरकतो ते मोजायचं. ओळंबा तेलाच्या डब्यात बुडवलेला, म्हणजे झुलत राहत नाही. त्या वेळी जहाजावर मोजकीच माणसं, आणि ज्याने जिथे उभं राहायचं तिथून हलायचं नाही. मी एकदा दोन तास एका खांबाला टेकून उभा होतो, वजन म्हणून नव्हे, ओळंबा वाचायला. शिंक आली तरी भीती वाटायची.

इथे दोन बोटांएवढ्या जागेत वीस सेंमीचा दोरा टांगला, खाली नट. पन्नास ग्रॅमचं वजन मधून पाच सेंमी बाजूला ठेवलं. नट २८ मिमी सरकला. फारच. एवढं कलतं जहाज समुद्रात नेणार कोण?

शिसं हवं होतं. शेजारी रापणीच्या जाळ्याचं जुनं शिसं पडलेलं, गोळ्या मागून आणल्या, वितळवून पट्ट्या ओतल्या (उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मुलांनी हे स्वतः करू नये, मोठ्याला सांगावं). साडेतीनशे ग्रॅम कीलच्या वर, अगदी तळाशी. आता तोच पन्नास ग्रॅम ठेवला तर नट १३ मिमी. ढकललं की ऐटीत उभं राहतं. एकूण ३ किलो ७५०. ठरल्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी आणि तरी खुणेवर आहे, कारण विहिरीचं पाणी गोडं, समुद्राच्या पाण्याइतकं ते उचलून धरत नाही.

हे आठवडाभराचं काम हँगर पुठ्ठ्याचं केलं असतं तर अर्ध्या दिवसात झालं असतं.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन हुकला. पंख्यांचे दांडे बसायचे आहेत. सरांना फोन केला. ते म्हणाले, "काका, गोदीत तरी कुठलं जहाज तारखेला झालंय?" मी फोन ठेवला.

१६ मार्च

शिमगा. पालखी घरोघर फिरते आहे, गावात कोणी कोणाचं काम करत नाही. मधल्या दिवसांत एवढंच झालं : दोन मोटरी ३८०, दोन पितळी पंखे ऑनलाइन मागवून २४०, बॅटरी ६५०. दांडा जिथे बाहेर येतो तिथल्या नळीत ग्रीस भरलं, पाणी येत नाही.

३० मार्च

गुढी उभारली आणि जहाज पाण्यात.

नातवाला टाकीत हाताने सोडायचं नव्हतं, खऱ्यासारखं घसरवायचं होतं. दोन रिपांचा उतार केला, वर साबण आणि खोबरेल. मी त्याला सांगितलं ते इथेही लिहितो. स्लिपवेवर जहाज महिनोन्‌महिने ठोकळ्यांवर बसलेलं असतं. त्या दिवशी त्याचं वजन ठोकळ्यांवरून घसरणाऱ्या पाळण्यावर न्यायचं असतं, आणि ते कुठलं यंत्र करत नव्हतं. जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी ओळीने माणसं, प्रत्येकापुढे पाचर. शिट्टी झाली की सगळे घाव एकदम. पुन्हा शिट्टी, पुन्हा घाव. घामाने हातोडा निसटायचा. जहाज केसभर उचलतं, आणि काल हलत नव्हता तो ठोकळा आज हाताने ढकलून निघतो. मी बाहेर आलो तेव्हा कान बधिर (कानात कापूस घालायचा कंटाळा, तो आजपर्यंत भोगतोय). भरती पूर्ण चढली, नारळ फुटला, आणि ते निघालं. आधी लाकडाची कुरकुर, मग वंगण जळल्याचा वास आणि निळा धूर. पाण्यात गेल्यावर जाड साखळ्या मागे ओढत गेल्या आणि त्यांनी त्याला थांबवलं. मागे रिकामा उतार आणि पाण्यावर चरबीचे तवंग.

आमचं मधेच अडकलं. उतार कमी. खोबरेल सकाळच्या गारव्यात थिजलेलं. नातवाने मागून बोट लावलं. तेवढंच लागलं.

मग मोटरी लावल्या. जहाज जागच्या जागी गरगरा फिरलं. एक पंखा पुढे ढकलत होता, एक मागे. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरले पाहिजेत म्हणून तारा मीच उलट जोडल्या होत्या. एका मोटरीच्या तारा बदलल्या, जहाज पुढे गेलं, पण सारखं डावीकडे ओढतंय. सुकाणू तपासलं, सरळ. दांडे तपासले, सरळ. अर्धा दिवस गेला. शेवटी पोरगा टाकीच्या काठावर पालथा पडला, एक डोळा मिटून मागून बघत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, दोन्ही पंख्यांची पाती एकाच बाजूला वळलीत."

एकमेकांच्या उलट फिरायचे तर पंखेही एक डावा, एक उजवा लागतात. मी मागवताना नग दोन एवढंच लिहिलं होतं.

३१ मार्च

दुसऱ्या हाताचा पंखा मागवला, १२० आणि पाठवणीचे ८०. आजवरचा सगळा खर्च ५,२४०. सर पुढल्या सोमवारी घेऊन जाणार आहेत.

सकाळी दात घासून पडवीच्या पायरीवर आलो. माझ्या चपला जागेवर नीट मांडून ठेवलेल्या. एक माझी, एक नातवाच्या बापाची. दोन्ही डाव्या. पोरगा ही वही वाचतोय तर.

उजवी विहिरीजवळ सापडली. शोधायला वीस मिनिटं गेली, तीही इथे धरा.